१२८ जीबीचं कार्ड लावलं की लॅपटॉप "फॉरमॅट करा" म्हणतो, फोटो कसे उतरवायचे?

प्रश्न
कॅमेऱ्यात १२८ जीबीचं एसडीएक्ससी कार्ड आहे, त्यात सुमारे ६० जीबी फोटो आणि व्हिडिओ. कॅमेऱ्यावर सगळे नीट दिसतात. जुन्या लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये घातलं की मात्र विंडोज डिस्क फॉरमॅट करायला सांगतं. ३२ जीबीचं कार्ड तिथेच व्यवस्थित चालतं. कॅमेरा केबलने जोडला तर कॉपी मध्येच तुटते. काय करावं?

प्रतिसाद १
आधी त्या चौकटीत 'रद्द करा' दाबा. कॅमेऱ्यात फोटो दिसतायत, म्हणजे कार्ड शाबूत आहे. अडतंय ते रीडरपाशी, म्हणजे लॅपटॉपच्या कार्ड वाचणाऱ्या स्लॉटपाशी. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्यांच्यावर फाइली मांडून ठेवण्याची फॅट३२ ही पद्धत असते. त्याहून मोठी, २ टीबीपर्यंतची एसडीएक्ससी, त्यांच्यावर एक्सफॅट. जुन्या स्लॉटची झेप बऱ्याचदा एसडीएचसीपर्यंतच असते, त्यामुळे कार्डावरचं नीट वाचता येत नाही आणि विंडोज फॉरमॅट मागतं.

एसडीएक्ससी चालणारा यूएसबी ३.० रीडर घ्या. तो यूएसबी २.० पोर्टात लावला तर सेकंदाला ३०–४० एमबीच मिळतात, ६० जीबीला जवळपास अर्धा तास. ३.० पोर्टात कार्ड ८५ एमबीने वाचलं गेलं तर हेच काम बारा मिनिटांचं.

कार्ड घालण्याआधी डाव्या कडेची बारीक खिट्टी 'लॉक'कडे सरकवा. मग चुकून फॉरमॅट दाबलं तरी रीडर कार्डावर लिहू देत नाही. कॅमेऱ्यात परत घालताना ती वर करायला विसरू नका.

प्रतिसाद २
केबलचं म्हणाल तर बहुतेक वेळा कॅमेऱ्याचं 'ऑटो पॉवर ऑफ' आडवं येतं. ते बंद करा, बॅटरी पूर्ण भरा, हब न वापरता थेट लॅपटॉपला जोडा. तरी रीडरच बरा.

प्रतिसाद ३
कट-पेस्ट अजिबात नको, कॉपीच करा. मध्येच केबल हलली तर कटमध्ये कुठली फाइल कुठे राहिली याचा पत्ता लागत नाही.

नुसतं डीसीआयएम, म्हणजे फोटोंचं फोल्डर, उचलूनही भागत नाही. सोनीच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओ 'प्रायव्हेट' फोल्डरमध्ये असतात, म्हणून अख्खं कार्डच तारखेच्या नव्या फोल्डरमध्ये उतरवा. फोटोंचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. जुन्याच फोल्डरमध्ये टाकलंत आणि 'रिप्लेस' दाबलंत, तर आधीचे फोटो गेलेच.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि बाइट्स ताडून बघा. थंबनेलवर विश्वास ठेवू नका: जेपेगच्या आत छोटं चित्र वेगळं साठवलेलं असतं, ते छान दिसतं आणि मोठा फोटो उघडला की खालचा अर्धा भाग राखाडी. निरनिराळ्या ठिकाणचे दहा-वीस फोटो पूर्ण आकारात उघडा. दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत झाली की मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातच.

प्रश्नकर्ता
आणि चुकून फॉरमॅट झालंच असेल तर?

प्रतिसाद १
त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींची यादी पुसली जाते, फोटोंचा डेटा त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत बहुधा जागेवरच असतो. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा; सापडलेले फोटो संगणकाच्या डिस्कवर साठवा, त्याच कार्डावर नाही. मूळ नावं परत मिळत नाहीत, पण फोटो मिळतात. तुकड्यांत विखुरलेले मोठे व्हिडिओ मात्र अनेकदा अर्धवट येतात.