बहिणीला कोर्टाचं समन्स आलंय, मोफत वकील कुठे मिळेल? तातडीने सांगा

घाटवाट
बहिणीला कोर्टाचा कागद आलाय, नवऱ्याशी वाद चालू आहे. वकील 25 हजार आगाऊ मागतोय. मोफत वकिलासाठी चौकशी केली तर म्हणे आधी उत्पन्नाचा दाखला आणा. तिचा पगार 14 हजार आहे, बसेल का? वेळ नाही, नेमकं सांगा.

चिंचपाणी
कोणतं कोर्ट? दावा कुणी लावलाय, कशाचा? तारीख कधी? समन्ससोबत अर्जाची प्रत आहे का?

मुक्कामपोस्ट
दाखल्याच्या मागे लागू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12: स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अटच नाही. आधार, लग्नाचा पुरावा आणि समन्सची झेरॉक्स घेऊन कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात जा. काउंटरवर दाखला मागितलाच तर कलम 12(क) दाखवा, नाहीतर तिथूनच विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनला फोन लावा.

रानफूल७
सरकारी वकील काही कामाचे नसतात. आधी छळाची केस, 498अ, ठोका, नवरा आपोआप वठणीवर येतो.

मुक्कामपोस्ट
हे सरकारी वकील नव्हेत. प्राधिकरणाच्या यादीवरचे खाजगी वकील असतात, फी प्राधिकरण देतं. त्यांनी पैसे मागितले किंवा तारखेला आले नाहीत तर लेखी तक्रार करून वकील बदलून मागता येतो. आणि छळ झाला असेल तर तक्रार जरूर द्यावी (आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम 85), पण त्याने पोटगीही मिळत नाही आणि आलेलं समन्सही थांबत नाही.

घाटवाट
नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज टाकलाय, पुणे फॅमिली कोर्टात. ती मुलीला घेऊन बार्शीला आमच्याकडे आहे. तारीख येत्या सोमवारी. प्रत मिळाली आहे.

वसंत_का
दोघांची संमती असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या 13ब खाली करा, सोपं पडतं.

चिंचपाणी
काका, संमतीचा विषयच नाही इथे.

घाटवाट, हे आधी सांगायला हवं होतं. उद्याच बार्शी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या. वकील पुण्याचा लागेल, म्हणून अर्ज पुणे जिल्हा प्राधिकरणाकडे पाठवायला सांगा. नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) साइटवरही भरता येतो. आवक शिक्क्याची पोच घ्याच. सोमवारपर्यंत वकील मिळेलच असं नाही. ताईंनी स्वतः हजर राहून पोच जोडावी आणि कैफियतीसाठी (लेखी उत्तरासाठी) मुदत मागणारा साधा अर्ज द्यावा. गैरहजर राहिल्या तर एकतर्फी पुढे जातं, मग ते रद्द करून घेण्यात महिने जातात.

खटपट्या
एक भर. फॅमिली कोर्टात वकील उभा करणं हा हक्क नाही (1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम 13). वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज लागतो. तो राहिला की एक तारीख हकनाक जाते.

घाटवाट
दर तारखेला पुण्याला कशी जाणार ती? आणि मुलीचा खर्च?

मुक्कामपोस्ट
पोटगीचा अर्ज बार्शीतच लावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 144 (जुनं 125), पत्नी राहते तिथे चालतो. घटस्फोटाचा दावा बार्शीला वर्ग करायचा तर जिल्हा वेगळा, म्हणून उच्च न्यायालयात अर्ज. तिथेही विधी सेवा समिती आहे. 1 ऑक्टोबर 1994 च्या शासन अधिसूचनेने पोटगी आणि घटस्फोटात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, त्यामुळे कुणी स्टँपचे पैसे सांगितले तर देऊ नका.

खटपट्या
पोटगीत दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं (सर्वोच्च न्यायालय, 2020). ताईंचे 14 हजार त्यात स्पष्ट लिहा. लपवलं आणि समोरच्याने पगारपत्रक काढलं तर कोर्टाचा विश्वास जातो. कमावती आहे म्हणून पोटगी बंद होत नाही, रक्कम ठरवताना ते धरतात. मुलीचा हक्क वेगळाच.

रानफूल७
माझ्या मित्राला मिळेल का मोफत वकील? पुरुष आहे.

चिंचपाणी
वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर मिळेल. अनुसूचित जाती-जमाती किंवा अपंग असेल तर उत्पन्न बघत नाहीत.

घाटवाट
उद्या सकाळीच जातो. मुलीचा जन्मदाखला नेऊ का?

चिंचपाणी
मूळ आणि दोन झेरॉक्स न्या, शाळेच्या फीच्या पावत्याही. अर्जावर सही मात्र ताईंचीच लागेल, त्यांना सोबत घेऊन जा.