मिश्रवंशीय कुटुंबांचं छोटं त्रैमासिक: ‘रकाना’ हवा की नको? आणि निनावी लेख छापावा का?

ऋजुता_जर्सी:
न्यू जर्सीत आम्ही काही कुटुंबं मिळून एक छोटं त्रैमासिक काढतोय. सगळी घरं मिश्र. आमच्याकडे मी मराठी, नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन. पहिल्या अंकासाठी आलेल्या दोन लेखांचं आपसात मुळीच पटत नाही. एकीचं म्हणणं, सरकारी अर्जावर ‘मिश्रवंशीय’ असा वेगळा रकाना हवा. दुसरा म्हणतो, वंश विचारणंच बंद करा. नवऱ्याच्या मते दोघंही चूक, आणि संपादकीय माझ्या गळ्यात! शिवाय एका आईला नोकरीवर त्रास होईल म्हणून लेख बिननावाचा हवाय. तसं छापणं बरं दिसेल का?

सायक्लोस्टाइल:
हे भांडण नव्वदीतलंच आहे, माणसं तेवढी बदलली. तेव्हा मी अशाच एका पत्रकाची पाकिटं चिकटवायचो, त्यामुळे दोन्ही बाजूंची पत्रं आधी माझ्या हातात पडायची. (अक्षर सगळ्यांचंच भयंकर.)

चार्ल्स बर्ड यांचं ‘इंटररेशियल व्हॉइस’ हे मिश्रवंशीयांचं नियतकालिक १९९५ पासून निघत होतं. वेगळ्या रकान्यासाठी २० जुलै १९९६ ला वॉशिंग्टनमध्ये मोर्चाही झाला. एनएएसीपीसारख्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांना वेगळा रकाना नको होता. कागदावर कृष्णवर्णीयांची संख्या घटली तर मतदारसंघांची आखणी आणि भेदभावाचे खटले दोन्ही लंगडे पडतील, ही त्यांची धास्ती. ती खोटी नव्हती. ऑक्टोबर १९९७ मध्ये सरकारने वेगळा रकाना नाकारला, पण एकाहून जास्त वंशांपुढे खुणा करायची मुभा दिली. २००० च्या जनगणनेत सुमारे ६८ लाख लोकांनी ती वापरली.

पुढचं कुणी सांगत नाही. मार्च २००० मध्ये सरकारी खात्यांना सूचना गेली की श्वेत अधिक एक अल्पसंख्य वंश अशा खुणा असतील, तर नागरी हक्कांच्या कामापुरतं त्या माणसाला अल्पसंख्य वंशात धरा. दोन्ही वंश अल्पसंख्य असतील, म्हणजे तुमच्या मुलांसारखे, तर तक्रारीत ज्या वंशावरून भेदभाव झाला म्हटलंय त्यात धरा. म्हणजे खुणा तुमच्या, बेरीज त्यांची. संपादकीय इथून सुरू करा.

माझं मत विचाराल तर रकाना असावा की नसावा यापेक्षा तो भरतं कोण, हे मोठं. व्हर्जिनियात १९२४ चा वंशशुद्धीचा कायदा होता आणि वॉल्टर प्लेकर नावाचा निबंधक जन्मदाखल्यांवर लोकांचा वंश स्वतः ठरवायचा. मूळनिवासी कुटुंबंच्या कुटुंबं त्याने कागदावरून पुसली. तिथला मिश्र विवाहाचा गुन्हा १९६७ च्या लव्हिंग खटल्यात रद्द झाला. लुइझियानात तर कृष्णवर्णीय पूर्वजांच्या रक्ताचा बत्तिसावा हिस्सा मोजणारा कायदा १९८३ पर्यंत होता!

लेख बिननावाचा खुशाल छापा. निनावी पत्रकं काढायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या टॅली आणि १९९५ च्या मॅकइंटायर खटल्यात मान्य केलाय. वर्गणीदारांची यादी नीट सांभाळा. अलाबामा सरकारने एनएएसीपीकडे सभासदांची नावं मागितली होती, ती मागणी १९५८ मध्ये फेटाळली गेली. मात्र हे संरक्षण सरकारपासून. खासगी कंपनीतल्या साहेबाने बाईंना ओळखलं, तर हे निकाल कामाला येणार नाहीत. म्हणून नाव काढून थांबू नका. गाव, मुलांची शाळा, नवऱ्याचा व्यवसाय, सगळं काढा. छोट्या वर्तुळात माणूस एका वाक्यावरून ओळखू येतो.

तिरका_डोळा:
‘विचारूच नका’वाल्यांना सायक्लोस्टाइलराव फार लवकर बाजूला सारताहेत. १९४२ मध्ये जपानी-अमेरिकनांना घरांतून उठवून छावण्यांत डांबलं, तेव्हा कुठल्या वस्तीत ते किती राहतात याचे आकडे जनगणना खात्यानेच पुरवले होते. लोकांनी रकाना स्वतःच भरला असता, तरी काय फरक पडला असता?

सायक्लोस्टाइल:
मान्य, तिथे माझा मुद्दा पुरा पडत नाही. पण कॅलिफोर्नियात २००३ ला नेमका हाच प्रस्ताव मतदानाला आला होता, क्रमांक ५४, राज्य सरकारने वंशाची नोंद करू नये म्हणून. जवळपास ६४ टक्के लोकांनी तो पाडला. विरोधात सार्वजनिक आरोग्यवालेही होते. आकडेच नसतील तर अमक्या वस्तीत बाळंतपणात बायका जास्त का दगावतात, हे विचारायचं कशाच्या जोरावर?

वाचनमात्र:
अंकात जागा असेल तर एक विषय सुचवते. १९२० ते १९४० च्या तिन्ही जनगणनांत अमेरिकेने ‘हिंदू’ हा वंश धरला होता, शीख आणि मुसलमानसुद्धा त्यातच! १९२३ मध्ये भगतसिंग थिंड हे शीख गृहस्थ ‘गोरे’ ठरले नाहीत म्हणून नागरिकत्वाचा खटला हरले. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित, बायको गोरी अमेरिकन. नंतर सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं, पण स्वतःचा खटला ते जिंकले.

ऋजुता_जर्सी:
दोन्ही लेख समोरासमोरच्या पानांवर टाकते. तिरका_डोळा, १९४२ वर दीडेक पान द्याल का? नवरा एनएएसीपीच्या बाजूने लिहितोय. आजी तिथे कार्यकर्ती होती, त्यामुळे तो आटोपतं घेईल असं दिसत नाही. बिननावाच्या लेखात ‘आमचे हे दातांचे डॉक्टर’ असं वाक्य निघालं, ते उडवलंय. पंडितांवर कोण लिहील? वाचनमात्र, तुम्हीच लिहा ना.