खुराड्यातली दांडगी कोंबडी : तुम्ही काय केलंत?

परसात सात कोंबड्या आहेत. त्यातली तांबडी गेले दोन महिने सगळ्यात धाकट्या तलंगीला दाण्याजवळ फिरकू देत नाही. काल तलंगीच्या मानेमागची पिसं उपटलेली दिसली, कातडीवर रक्ताचा ठिपका होता. घरचे म्हणतात, तांबडी देऊन टाक. तिला मी पिल्लापासून वाढवलंय, मन होत नाही. अशी कोंबडी सांभाळलेल्यांनी आपले अनुभव लिहा. फसलेले उपायही सांगा, तेही हवेत.

*

ताई, आधी जखमी तलंग बाजूला घ्या, आजच. रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात. आमच्याकडे संध्याकाळी एवढासा ठिपका होता, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटभर जखम झाली. आदल्या रात्रीच हलवायला हवी होती, ही टोचणी मला अजून आहे.

तिची जखम भरू द्या आणि दांडगीलाही वेगळी ठेवा. मी पहिल्यांदा एकच दिवस ठेवली. परत सोडल्यावर पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्यांदा पाच दिवस ठेवली, बाकीच्या नजरेलाही पडणार नाहीत अशा जागी. तेवढ्यात मागे राहिलेल्यांनी कोण वरचढ, कोण खालची याची आपसात नवी उतरंड लावून घेतली. सहाव्या रात्री अंधार पडल्यावर तिला दांडीवर नेऊन बसवली. सकाळी ती सवयीने थेट दाण्यावर गेली. मधली पांढरी मान उंच करून तिच्याकडे बघत उभी राहिली, आणि हिने उचललेला पाय तसाच मागे घेतला. त्यानंतर टोचणं पूर्ण थांबलं नाही, पण पिसं उपटणं थांबलं.

*

थोडं टोचणं चालायचंच. कोंबड्यांमधली ही उतरंड नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डरुप-एब्बे यांनी 1921 मध्ये मांडली. एक चोच मारली, समोरची बाजूला झाली, विषय संपला, तर मध्ये पडू नका. पाठलाग करून कोपऱ्यात गाठणं, दाणापाणी अडवणं किंवा रक्त काढणं दिसलं, तर मात्र पडायलाच हवं.

*

आमची मारकुटी नव्हतीच, खुडूक होती, म्हणजे अंडी उबवायला बसलेली! अंगावरची पिसं फुलवून खोक्यात ठाण मांडलेली, जवळ गेलं की घशातून गुरगुरायची आणि हाताला कडकडून चोच. फलित अंडी होती म्हणून तिच्याखाली ठेवली, 21 दिवसांनी पिल्लं निघाली. ती मोठी होईपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही, मग आपोआप शांत झाली. अंडी बसवायची नसतील, तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, गवत न घालता, दाणापाणी देऊन ठेवा. आमच्या दुसरीची खूड चार दिवसांत मोडली.

*

कोंबडी नेहमीची दांडगी आहे की अचानक बिघडली, हे बघा. आमची शांत कोंबडी एकाएकी दांडीवर शेजारणींना टोचायला लागली. मला वाटलं स्वभावच पालटला. रात्री टॉर्च घेऊन गेले, दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवलं, तर त्यावर तांबड्या रेघा उठल्या. रक्त पिऊन टम्म झालेल्या गोचिडासारख्या बारीक किडी होत्या. दिवसा त्या फटीत दडतात आणि रात्री अंगावर चढतात. बिचारीला झोपच नव्हती. खुराडं रिकामं करून फटी साफ केल्या, पशुवैद्यांनी दिलेलं औषध मारलं, आठवड्याने पुन्हा मारलं. मग ती पूर्वीसारखी झाली.

*

दाण्याची दोन भांडी ठेवा, एकावरून दुसरं दिसणार नाही अशी. एक कोंबडी दोन्हीकडे पहारा देऊ शकत नाही. पाण्याचंही तसंच. मी मध्ये एक फळी आडवी टेकवून ठेवलीय, धाकट्या तिच्या आड जातात.

*

मी देऊन टाकली होती. पंधरा दिवसांत दुसरीने तिची जागा घेतली, कारण खुराडं तेवढंच अरुंद होतं. आत दर कोंबडीमागे चार चौरस फूट जागा केली, तेव्हा फरक पडला. पहिलीची आठवण अजून येते.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. तलंग डाल्याखाली आहे, मघाशी तिने पोटभर खाल्लं. आता अंधार झालाय, पांढरं फडकं आणि टॉर्च घेऊन दांडी तपासायला निघाले आहे. काय दिसतं ते लिहिते.