पणजोबा बसऱ्याला गेले, परतले नाहीत: त्यांचा माग कसा काढावा?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात, म्हणजे आमच्या घरी अजूनही जिला 'जर्मनची लढाई' म्हणतात तिच्यात, इंग्रजांच्या फौजेसोबत आजच्या इराकमधील बसरा बंदरात गेले आणि परत आले नाहीत. आजोबा तेव्हा रांगत होते. पणजीने शेवटपर्यंत कुंकू पुसले नाही. माणूस गेल्याचा कागद आपल्याला कुणी वाचून दाखवला नाही, एवढेच ती म्हणत असे, असे वडील सांगतात. पणजोबांची एकच खूण घरात उरली आहे. ते तांबूस रंगाचे एक जड पदक आहे, ज्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला पुरुष व १९१४ आणि १९१८ हे आकडे आहेत. ते देव्हाऱ्यात असते आणि खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड व वखराची पास यांच्यासोबत त्याचीही पूजा होते. पलटणीचे नाव कुणालाच ठाऊक नाही. एका सरकारी कार्यालयात विचारले, तर इतके जुने कागद मिळत नाहीत असे सांगून परत पाठवले. वडील आता ऐंशी पार आहेत. आपल्या आजोबांचे काय झाले हे त्यांना कळावे, अशी माझी फार इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद (माजी सैनिक, कामठी)

दादा, सुरुवात देव्हाऱ्यातूनच करा. आपण वर्णन केलेले पदक म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल होय, आणि ज्याला ते दिले त्याचा क्रमांक, नाव व तुकडी त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. आपल्याकडे सणावाराला तांब्या-पितळेच्या वस्तू चिंच लावून घासतात आणि त्यात ही अक्षरे झिजतात, म्हणून यापुढे ते पदक अजिबात घासू नका. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड कडेवर तिरपा पाडून मोबाईलने सगळीकडून फोटो काढा. तेवढ्याने जमले नाही, तर पातळ कागदाची पट्टी कडेभोवती ताणून धरा आणि तिच्यावरून शिसपेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरवा.

रंगाविषयीही सांगणे भाग आहे. हे पदक लढणाऱ्या शिपायांना चांदीचे मिळाले. कांस्याचे पदक मजुरांच्या व हमालांच्या तुकड्यांतील माणसांना दिले गेले. आपले पदक कांस्याचे असेल, तर पणजोबा बंदूकधारी शिपाई नसून लेबर कोअर किंवा पोर्टर कोअरमध्ये असण्याची शक्यता अधिक आहे. हे वाचून कृपया मन लहान करू नका. एप्रिल १९१६ मध्ये त्याच मुलखातील कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली इंग्रजांची फौज उपासमारीने शरण गेली. तिची सुटका करू पाहणाऱ्या सैन्याची रसद बसऱ्यालाच तुंबत होती, कारण तिथे जहाजांना धड धक्के नव्हते आणि पुढे न्यायला रेल्वे नव्हती. त्यानंतर हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांनी जहाजे रिकामी केली, धक्के आणि रस्ते बांधले, रूळ टाकले, आणि मग मार्च १९१७ मध्ये बगदाद हाती आले.

प्रतिसाद (शिक्षिका, अकोला)

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही महायुद्धांतील मृतांच्या कबरी, स्मारके व नोंदी सांभाळणारी संस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातील मृत्यूंच्याच नोंदी तिथे आहेत. आडनाव टाकून शोधू नका, कारण त्या काळी आपल्याकडच्या माणसांची बहुधा एकेरी नावेच लिहिली जात. जिथे अधिक माहिती आहे तिथे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिसतो. जिल्ह्यांची जुनी इंग्रजी रूपेही ध्यानात ठेवा: यवतमाळचे 'यिओटमाल' आणि चंद्रपूरचे 'चांदा' असे लिहीत. मूळ नावाची स्पेलिंगे चार-पाच प्रकारे बदलून पाहावी लागतील.

नाव सापडले नाही, तरी माणूस गेलाच नव्हता असे समजू नका. बसरा स्मारक मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) मरण पावलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांसाठी आहे, परंतु त्याच्या भिंतींवर साध्या भारतीय शिपायांची नावे कोरलीच नाहीत, केवळ तुकडीनिहाय संख्या कोरली. जगभरात किमान १,१६,००० मृतांची नावानिशी नोंद झालेली नसावी, हे कमिशनच्याच २०२१ च्या अहवालाने मान्य केले आहे. हा अन्याय वाचताना मला आजही फार वाईट वाटते.

प्रतिसाद (निवृत्त महसूल कर्मचारी, वाशीम)

तहसीलच्या अभिलेख कक्षात आपल्या गावची जुनी कोतवाल बुके, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, असतील, तर आजोबांच्या जन्मनोंदीची नक्कल मागा. परदेशातील मृत्यू त्यात बहुधा नसेल, पण पणजोबांचे नाव तेव्हा कसे लिहीत हे कळेल. शिवाय मूल रांगत असताना बाप गेला, म्हणजे जन्मतारखेत सात-आठ महिने मिळवले की जाण्याचा काळ बऱ्यापैकी ठरतो. नोंद मोडीत असू शकते. वाचणारा सोबत न्या.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पट्टीवर पेन्सिल फिरवली. क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे, नावातील पहिली दोन अक्षरे आणि त्यापुढे 'पोर्टर' हा शब्द स्पष्ट उमटला. वडिलांनी पट्टी हातात घेतली, बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "म्हणजे ओझी वाहिली त्यांनी?" मी हो म्हणालो. आईने पदक कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवले आहे. सोमवारी तहसीलला नक्कलेचा अर्ज देणार आहे.