मध्यम समुद्रपातळीच्या खाली कांदळ खोचणं थांबवा

खाजणकर: काल एकांनी लिहिलं, ‘उघडा चिखल दिसला की कांदळाच्या शेंगा खोचा, किनारा वाचेल.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. शेंग म्हणजे कांदळाचं झाडावरच कोंब फुटलेलं लांब बी. खारफुटी, म्हणजे कांदळ, तिवर अशी खाऱ्या चिखलातली झाडं, साधारण मध्यम समुद्रपातळीच्या वर रुजते. जागा तीस टक्क्यांहून जास्त वेळ पाण्याखाली राहिली की रोप गुदमरतं. तो चिखल मोकळा आहे तो याचमुळे! २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत लागवड झालेल्या २३ जागा तपासल्या, त्यातल्या ९ ठिकाणी एकही रोप उरलेलं नव्हतं. आधी भरतीचं पाणी अडवणारे बांध फोडा, पाण्याची वाट मोकळी करा. तिवर आपोआप येते.

किनाराप्रेमी: आपोआप? जवळपास बीज देणारं झाडच नसेल तर कुठून येणार? लागवड करणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. शेंग पिकलेली घ्या, फळाखाली पिवळट गळपट्टा दिसला पाहिजे आणि हलक्या पिळ्याने ती सुटली पाहिजे. ओढून काढली तर कोंब तुटतो. एक तृतीयांश चिखलात, टोकदार बाजू खाली. एवढं पाळलं तर जगतात.

चिखलपाय: जगतात, पण बार्नेकल, म्हणजे खोडाला चिकटून बसणारे टणक कवचाचे छोटे समुद्री जीव, चढतात त्याचं काय? कोवळ्या खोडावर थर बसला की वजनाने रोप वाकतं. दर उधाणानंतर सुरीने खरवडा.

खाजणकर: सुरी अजिबात नको! साल सोलली जाते आणि रोप तिथूनच कुजतं. बार्नेकल दाट बसले म्हणजे रोप फार वेळ पाण्यात आहे. रोग खोडाचा नाही, जागेचा आहे.

चिखलपाय: म्हणजे बसून बघायचं? कोवळे असताना बोटाने निघतात, साल शाबूत राहते. सगळ्याला ‘जागा चुकली’ हेच उत्तर देऊ नका.

खाजणकर: बोटाने काढा, मान्य. पण पुढच्या उधाणाला पुन्हा बसतील. खुंटी ठोका, त्यावर भरतीची खूण करा, दोन आठवडे बघा. आणि शेजारी उभ्या असलेल्या खारफुटीच्या मुळाशी जमीन किती उंच आहे ते मोजा. तुमची जागा त्याहून खाली असेल तर शेंगा परत घेऊन जा.

किनाराप्रेमी: मोजणीचं पटलं. बीज नसेल तिथे लावावंच लागतं, हे मात्र तुम्ही अजून कबूल केलेलं नाही.

खाजणकर: कबूल. तिथे लावा, पण उंची जुळल्यावरच. आणि फक्त कांदळ नको, तिवरही घ्या. तिवरेची श्वसनमुळं, म्हणजे हवा घ्यायला चिखलातून वर येणारी मुळं, त्यांवर गाळाचा वीतभर थर चढला तर तीही मरते, म्हणून पाण्याची वाट मोकळी करताना उकरलेली माती ओढ्याच्या काठावर टाकू नका.