नोंद कुठली, माणूस कुठला?
व्यसनमुक्ती केंद्रांच्या खुल्या नोंदींवरून तालुकानिहाय नकाशा काढावा, ही आपली सूचना मला मनापासून पटते. मात्र अमेरिकेच्या ‘टेड्स’ या व्यसन-उपचारांच्या सरकारी नोंदसंचात एक ओळ म्हणजे एक माणूस नव्हे, तर एकदा दाखल होणे, त्यामुळे पुन्हा दाखल झालेला रुग्ण पुन्हा मोजला जातो. आपल्याकडे व्यसनांच्या प्रमाणावरील २०१९ च्या राष्ट्रीय अहवालातील अंदाज राज्यपातळीवरच थांबतात. नाशकात केंद्राचा पत्ता धरून नकाशा रंगवला, तर जिल्ह्यातल्याच सुरगाणा तालुक्यातून एसटीने घाट चढून आलेला रुग्ण शहराच्या खाती जमा होईल आणि सुरगाणा कोराच दिसेल. म्हणून रुग्णाच्या राहत्या तालुक्याचा रकाना, नाव-गाव गाळून का होईना, मिळवायलाच हवा.