नकाशापेक्षा होकायंत्र बघा

जिओकॅशिंगला (जीपीएसवर आकडे टाकून कुणी लपवलेली डबी, म्हणजे 'कॅश', शोधण्याचा खेळ) कोणतं जीपीएस यंत्र घ्यावं, यावर एक मत असं: 'नकाशा लागत नाही, गार्मिनचं ईट्रेक्स १० पुरे'. ते बरोबर आहे. पण जास्त पैसे घालून ईट्रेक्स २० किंवा २२एक्स घेतलं तरी होकायंत्र मिळत नाही, हे त्या मतात येत नाही. ते ३० आणि ३२एक्समध्ये आहे. होकायंत्र नसलेलं यंत्र दिशा तुमच्या चालण्यावरून काढतं. शेवटच्या १०-१५ मीटरमध्ये थांबून शोधायला लागलात की स्क्रीनवरचा बाण भरकटतो, आणि लोक 'सिग्नल खराब' म्हणतात. उपाय फुकटचा: ३० मीटर मागे जा, अंतर आणि बेअरिंग (कॅशची दिशा, अंशांत) वाचा, आणि साध्या होकायंत्रावर सरळ चालत या. मग तेच काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने. दोन रेषा जिथे छेदतात तिथे शोधा.

सेकंडहँड घेतलंत तर आधी पोझिशन फॉरमॅट (जागेचे आकडे दाखवण्याची पद्धत) तपासा. कॅशचे अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत असतात, डेटम (ते मोजण्याचा आधार) डब्ल्यूजीएस ८४. ३१.२५० मिनिटं म्हणजे ३१ मिनिटं १५ सेकंद. कुणी २५ सेकंद भरले तर उत्तर-दक्षिण ३०० मीटरची चूक. रिचार्जेबल सेल वापरणार असाल तर सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार एनआयएमएच (NiMH, निकेल-मेटल हायड्राइड) करा, नाहीतर इंडिकेटर चुकीचा दाखवतो.